यंत्र विकत मिळते, मर्म नाही



या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहायचे ठरले होते. तो लेख पुढच्या अंकात नक्की देतो. आज विषय थोडा वेगळा आहे, आणि त्याला कारण आपलेच एक सभासद आहेत.

गेल्या महिन्यात लागणीच्या नोंदी घेत एरंडोल गटात फिरत होतो. अंजनीकाठच्या एका गावात या सभासदांनी ओट्यावर बसवून घेतले. चहा झाला, बेण्याची चौकशी झाली, आणि मग त्यांनी मनातले विचारले, "साहेब, धाकट्याले आयटीआयले टाकू का? भाऊबंद म्हनतस, फिटर व्हईसन काय करी? हात काया करी, दुसरं काय!"

मी पडलो कृषी पदविकेचा माणूस. उसाचा डोळा आणि जमिनीचा पोत याविषयी विचारले तर लगेच सांगतो. या प्रश्नाचे उत्तर मात्र जिभेवर आले नाही. घरी जाताना एक जुनी रात्र आठवली.

त्या रात्रीची गोष्ट

नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या एका कारखान्यावर होतो. ऐन हंगामात, थंडीच्या रात्री, मिल बंद पडली. एका रोलरचे बेअरिंग इतके तापले की हात लावायची सोय नव्हती. गव्हाणीवर ऊस तसाच पडून राहिला, बाहेर गाड्यांची रांग लागली. तुटलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही तासागणिक कमी होतात, हे मी शेतकऱ्यांना सभांमधून सांगत असे. त्या रात्री ते डोळ्यांनी पाहत होतो. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येणार, असा निरोप आला.

रांगेतला एक म्हातारा शेतकरी माझ्यापाशी येऊन म्हणाला, "साहेब, हाई मशीन जेनी बनाडं, तेले बलावा ना. कोठे शे तो?"

मी काय सांगणार? तेवढ्यात वर्कशॉपमधले जुने मिस्त्री आले. शिक्षण जेमतेम सातवी. त्यांनी एक लोखंडी सळई बेअरिंगच्या घरावर टेकवली, दुसरे टोक कानाला लावले आणि रोलर जरा फिरवायला सांगितला. दोन ठिकाणी ऐकले आणि म्हणाले, "तेल पोचत नाही. नळी चोंदली आहे." नळी उघडली, साफ केली, खरवडलेली पितळ घासून सारखी केली. पहाट व्हायच्या आत मिल पुन्हा फिरू लागली. कंपनीचा माणूस दुपारी आला, जेवला आणि परत गेला.

त्या म्हाताऱ्याचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. हे यंत्र मुळात कोणी केले? त्याचा शोध घेताना मला आगबोटीची इंजिने करणाऱ्या एका कारखान्याची आणि आपल्या मुंबईतल्या एका माणसाची हकिकत कळली. तीच आज सांगतो.

आगबोटीचे इंजिन आपल्या ओळखीचे

कोणी म्हणेल, आगबोटीचा आणि उसाचा काय संबंध? संबंध जवळचा आहे. आगबोटीत बॉयलर असतो, त्यात पाण्याची वाफ होते. ती वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या चाक फिरवतो. काम झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात. वाफेचे पाणी झाले की जागा एकदम मोकळी होते, म्हणजे पोकळी तयार होते, आणि ती पोकळीही दट्ट्याला ओढायला मदत करते. वाफ थंड करण्याचे हे भांडे सिलिंडरपासून वेगळे ठेवण्याची युक्ती जेम्स वॉटची. तिचे पेटंट १७६९ सालचे.

आता आपला कारखाना पाहा. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघते. एक टन ओल्या बगॅसपासून दोन टनांहून थोडी अधिक वाफ मिळते. ती वाफ आधी यंत्रे फिरवते, मग रस आटवते. रस शेवटी ज्या पॅनमध्ये शिजतो त्यातली हवा काढून पोकळी केलेली असते. म्हणून तो ६५ अंशांच्या आसपासच उकळतो आणि साखर करपत नाही. ही युक्ती एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाने १८१३ च्या सुमारास काढली. आगबोटीत पोकळी दट्ट्या ओढते, पॅनमध्ये तीच पोकळी आपली साखर पांढरी ठेवते. दोघी एकाच घरच्या.

अडचणीसुद्धा सारख्याच. सुरुवातीच्या आगबोटी बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी वापरत. मग आत मिठाचा थर बसे, पत्रा तापून बाद होई आणि जळण जास्त लागे. म्हणून वाफेचेच निवळ पाणी परत बॉयलरला देण्याची सोय पुढे निघाली. आपणही तेच करतो. त्या पाण्यात उसाच्या रसाचा अंश गेला तर बॉयलरला धोका. म्हणूनच प्रयोगशाळेतली मुले रात्रंदिवस ते पाणी तपासत असतात.

लंडनचे मॉडस्ले

हेन्री मॉडस्ले यांचा जन्म १७७१ साली लंडनजवळच्या वुलिच येथे झाला. बाराव्या वर्षी ते सरकारी शस्त्रागारात काडतुसे भरायच्या कामाला लागले. नंतर सुतारशाळेत गेले, तिथून लोहारशाळेत. हाताला वळण असे की वयाच्या अठराव्या वर्षी ब्रामा नावाच्या नामवंत कुलूप कारागिराने त्यांना कामावर घेतले. पुढे पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा १७९७ साली त्यांनी स्वतःचे दुकान मांडले.

त्या काळी नट-बोल्ट हाताने कापत. प्रत्येक बोल्टाचा नट वेगळा. एक नट हरवला की बोल्टही गेला. मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास असा लेथ केला की त्यावर आटे एकसारखे, मापात आणि हवे तितके कापता येऊ लागले. त्यांचा शिष्य जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली सगळ्या इंग्लंडसाठी आट्यांचे एकच माप सुचवले. आज आपण हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "चार सुती बोल्ट द्या" म्हणतो आणि तो नांगराला बसतो, त्यामागे ही गुरुशिष्यांची जोडी आहे.

लंडनच्या लॅम्बेथ भागात १८१० साली त्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. १८१५ साली त्यांनी पहिले आगबोटीचे इंजिन केले, १७ अश्वशक्तीचे. ते थेम्स नदीतल्या 'रिचमंड' या बोटीत बसले. मॉडस्ले १८३१ साली वारले. त्यांची मुले आणि भागीदार जोशुआ फील्ड यांनी 'मॉडस्ले, सन्स अँड फील्ड' हे नाव जगभर नेले. १८३८ साली 'ग्रेट वेस्टर्न' ही आगबोट ब्रिस्टलहून निघून १५ दिवसांत न्यूयॉर्कला पोचली. तिची इंजिने यांचीच.

पण या कारखान्याचे खरे पीक इंजिने नव्हते, माणसे होती. व्हिटवर्थ तिथे शिकला. वाफेचा घण काढणारा जेम्स नॅस्मिथ तिथे शिकला. रिचर्ड रॉबर्ट्स आणि जोसेफ क्लेमंट यांच्यासारखे यंत्रकार तिथे घडले. चांगल्या बेणे मळ्यातून गावोगावी बेणे जावे, तसे त्या एका वर्कशॉपमधून कारागीर सगळ्या इंग्लंडमध्ये गेले.

मुंबईच्या गोदीत

इकडे मुंबईत सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने गोदी नावारूपाला आणली होती. त्यांनी सागवानात बांधलेली जहाजे इंग्रजांच्या आरमारात चालत. १८१७ साली इथे बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जतन करून ठेवलेले आहे. सागवान आपले, सुतार आपले, अक्कल आपली.

मग वाफ आली. १८२९ साली मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' नावाची ४११ टनी आगबोट बांधली. सांगाडा मुंबईचा, पण आतली ८० अश्वशक्तीची दोन इंजिने लंडनहून मॉडस्लेंच्या कारखान्यातून आली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोचली. बोटीत साडेपाच दिवस पुरेल एवढाच कोळसा ठेवायची जागा होती आणि एडनपर्यंत अकरा दिवस लागणार होते. तेव्हा उतारूंच्या खोल्यांत आणि बैठकीच्या दालनातही कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा कोळसा जवळजवळ संपत आला होता. हंगामाच्या शेवटी बगॅस कमी पडले की आपल्या बॉयलर विभागाची जी तारांबळ उडते, तीच तिथे भर समुद्रात.

पुढे कोळशाच्या साठ्याच्या जागा वाढल्या, आगबोटी वाढल्या, १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. १८६० च्या दशकात आगगाडी खानदेशात आली, आणि आपल्या पणजोबांच्या शेतातला कापूस मुंबई बंदरातून विलायतेच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. म्हणजे या इंजिनांशी आपला संबंध साखरेच्या आधीपासूनचा आहे.

पण मुद्दा असा की, इंजिन बाहेरून आले आणि ते चालवणारे, उघडणारे, दुरुस्त करणारेही बाहेरून आले. ही गोष्ट वाडिया घराण्यातल्या एका तरुणाच्या मनाला लागली.

आर्देशीर कर्सेटजी

आर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा जन्म १८०८ सालचा. चौदाव्या वर्षी ते घराण्याच्या रीतीप्रमाणे गोदीत उमेदवारीला लागले. घरचा धंदा लाकडी जहाजांचा, पण यांचे चित्त वाफेवर. पुस्तके मिळवून वाचली, इथल्याच कारागिरांना हाताशी धरून एक अश्वशक्तीचे छोटे इंजिन केले. मग स्वतःच्या खर्चाने विलायतेहून १० अश्वशक्तीचे इंजिन मागवले आणि १८३३ साली 'इंडस' नावाच्या ६० टनी बोटीत ते बसवले. वय २५. पुढच्याच वर्षी माझगावातले आपले घर आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. ते पाहायला गव्हर्नर स्वतः आले होते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १८३९ साली ते विलायतेला निघाले, तिथले इंजिनांचे कारखाने आणि गोद्या फिरून पाहिल्या. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरा भारतीय, गणिती रामानुजन, तिथे पोचायला १९१८ साल उजाडले.

त्याच १८४१ सालच्या एप्रिलमध्ये आर्देशीर मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे, म्हणजे आरमाराच्या आगबोटींची इंजिने सांभाळणाऱ्या कारखान्याचे, मुख्य इंजिनिअर झाले. पगार दरमहा ६०० रुपये. हाताखाली इंग्रज फोरमन, इंग्रज इंजिनिअर. मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने लगेच शंका काढली. माणूस कितीही हुशार असला तरी 'नेटिव्ह' माणसाला इंग्रज कामगारांवर नेमणे योग्य का, असा तिचा सूर होता. आर्देशीरांनी वादात वेळ दवडल्याचे दिसत नाही. सोळा वर्षे त्यांनी तो कारखाना चालवला आणि १८५७ साली निवृत्त झाले.

मला त्यांची सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट १८५१ सालची आहे. त्या वर्षी त्यांनी 'लवजी फॅमिली' नावाची आगबोट पाण्यात सोडली. बोट लहानच होती. पण तिच्या इंजिनाचा प्रत्येक भाग मुंबईत, त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झालेला होता. १८२९ साली दोन्ही इंजिने मॉडस्लेंकडून आणावी लागली होती, आणि बावीस वर्षांनी त्याच मुंबईत इथल्या ओतशाळेत इंजिन झाले. मधल्या बावीस वर्षांत आणखी यंत्रे विकत घेऊन हे साधले नाही. एका माणसाने ती उघडून पाहिली, शिकली आणि शिकवली, म्हणून साधले.

पुढे १८६१ ते १८६३ ते सिंधमधल्या कोटरी येथे सिंधू नदीतल्या आगबोटींचे काम पाहत होते. १८७७ साली इंग्लंडमध्ये रिचमंड येथे ते वारले. १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. एवढा मोठा माणूस, पण आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी तो भेटला नव्हता.

मॉडस्लेंच्या कारखान्याचे काय झाले?

जगातला नामांकित कारखाना. त्याला काय होणार, असे कोणालाही वाटले असते. पण काळ बदलला. लाकडी जहाजे गेली, लोखंडी आणि मग पोलादी आली. कोळसा आणि लोखंड जिथे निघते तिथे, उत्तरेकडे क्लाइड आणि टाइन नद्यांच्या काठी, जहाजांचा धंदा सरकला. लंडनमध्ये जागा महाग, मजुरी महाग, माल लांबून आणायचा. १८९९ साली मॉडस्लेंची कंपनी डबघाईला आली आणि १९०४ पर्यंत तिचा कारभार कायमचा आटोपला.

नाव मिटले, पण विद्या मिटली नाही. व्हिटवर्थचे आटे राहिले, नॅस्मिथचा घण राहिला. क्लाइडकाठच्या ग्लासगो शहरात आगबोटीच्या इंजिनांबरोबर ऊस गाळायच्या मिलाही तयार होत आणि जगभरच्या साखर कारखान्यांत जात. इमारत, भोंगा आणि पाटी यांना आयुष्य असते. हाताला आलेले कसब मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेले तर टिकते. नाही गेले तर कारागिराबरोबरच जाते.

आपल्या महाराष्ट्रातही ज्यांनी हे ओळखले त्यांनीच काही उभे केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या हाती लेथ दिला. वालचंद हिराचंद यांनी सिंदिया कंपनीतून १९१९ साली 'लॉयल्टी' ही आगबोट लंडनला धाडली. त्याच वालचंदांनी आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यात रावळगावला १९३३ साली साखर कारखाना काढला. जहाज आणि साखर यांची सांगड मी घातलेली नाही, ती आधीपासून आहे.

आता त्या प्रश्नाचे उत्तर

सहकारात आपण काय केले? भागभांडवल गोळा केले, कर्ज काढले, यंत्र विकत घेतले. ते सोपे नव्हते, आणि आपल्या वडिलांनी ते पोटाला चिमटा घेऊन केले. पण यंत्र विकत घेतले म्हणजे ते आपले झाले, असे नाही. ते उघडता, ऐकता, सुधारता येणारा माणूस आपल्यात असेल तरच ते आपले. नाहीतर भर हंगामात, रांगेत ऊस सुकत असताना, बाहेरच्या माणसाची वाट पाहत बसायचे. त्या तासांची किंमत कंपनी देत नाही. ती तुमच्या उसाच्या वजनातून जाते.

सळई कानाला लावणारे ते मिस्त्री नंतर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोण तयार झाले होते, हे विचारायला मी एकदा त्या कारखान्यात गेलो होतो. कोणीच नाही, असे कळले. त्यांच्याकडे कोणाला शिकायला ठेवलेच नव्हते. यात चूक मिस्त्रींची नव्हती.

म्हणून अंजनीकाठच्या माझ्या सभासद बंधूंना जाहीरपणे सांगतो. दादा, धाकट्याला आयटीआयला जरूर घाला. फिटर होऊ द्या, टर्नर होऊ द्या, बॉयलरचे काम शिकू द्या. हात काळे होतील, होऊ द्या. मॉडस्ले काडतुसे भरत होते आणि आर्देशीर चौदाव्या वर्षी गोदीत उमेदवार होते. काळे हात साबणाने धुतले जातात. शिकलेले कसब धुतले जात नाही, आणि त्याची भाऊबंदांत वाटणीही होत नाही.

तुम्ही मुलाला घालाल, तर पुढचे काम आमचे आहे. गळीत बंद झाल्यावर मिल उघडतात, रोलर बाहेर काढतात, बेअरिंगे तपासतात. शिकायला तेवढा चांगला काळ दुसरा नाही. या दिवसांत जुन्या फिटरांच्या शेजारी सभासदांची शिकणारी मुले उभी राहावीत, ही विनंती मी व्यवस्थापनाकडे लेखी देणार आहे. तुम्हीही वार्षिक सभेत हा प्रश्न विचारा. उसाच्या दराबरोबर हेही विचारा: आपल्या यंत्राचा आवाज ओळखणारी माणसे किती आहेत, आणि त्यांच्या हाताखाली कोण शिकतो आहे?

खोडव्याचे पुढच्या अंकात. तोवर पाचट जाळू नका, सरीत दाबा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी